रेडवुडच्या टाकीतले गुलाबी पाणी

मी एक जुनी लाकडी टाकी आहे. टाकी म्हणायचे ते आता सवयीने. खरे तर माझ्या फळ्या सुट्या करून, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, आर्विद लोकनच्या शेताच्या मागच्या कोपऱ्यात रचून ठेवल्या आहेत. शेजारी पिवळी पाटी आहे, 'हात लावू नये'. एक गाडी येणार आणि मला भट्टीत जाळायला घेऊन जाणार, असे मी कधीपासून ऐकते आहे. लष्कर म्हणते, टाकी विकली तेव्हाच आमचा संबंध संपला. काउंटीवाले, म्हणजे इथले जिल्ह्याचे अधिकारी, म्हणतात, माल लष्कराचा, लष्करानेच उचलावा. दोघांच्या भांडणात मी इथेच पडून आहे. तोवर मित्रांनो, माझी हकीकत ऐका. ती काही फारशी गोड नाही, पण जशी घडली तशी सांगते.

जन्माने मी कॅलिफोर्नियाची. तिथे समुद्रकाठच्या धुक्यात रेडवुडची उंच झाडे वाढतात. त्यांचे लाकूड तांबूस असते आणि वर्षानुवर्षे पाण्यात राहिले तरी कुजत नाही. म्हणून पाण्याच्या आणि द्राक्षाच्या दारूच्या टाक्या त्याच लाकडाच्या करत. एका कारागिराने माझ्या फळ्या उभ्या जुळवल्या आणि बाहेरून लोखंडी पट्ट्या आवळल्या. ना खिळा, ना सरस. पाणी भरले की माझ्या फळ्या फुगायच्या आणि एकमेकींना घट्ट धरून बसायच्या. मला वाटले होते, आपण एखाद्या द्राक्षमळ्यात जाऊ. पण तेव्हा दुसरे महायुद्ध पेटले होते. मला मालगाडीत चढवले आणि पार उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आणून उभे केले.

तिथे टीएनटी नावाचे स्फोटक वितळवून बॉम्बच्या कवचांत ओतत. ओतताना ते सांडे, त्याची पिवळी भुकटी फरशीवर, भिंतींवर, बायकांच्या कपड्यांवर बसे. रोज सगळे धुऊन काढत आणि ते धुण्याचे पाणी माझ्यात येई. भुकटी माझ्या तळाशी बसायची आणि वरचे निवळ पाणी नळीतून बाहेरच्या ओढ्यात जायचे. आतल्या अंधारात ते पाणी जेमतेम पिवळसर दिसे. बाहेर ऊन लागले की मात्र ते गुलाबी होते, असे मी बायकांच्या तोंडून ऐकायची. मला त्याचे कौतुकच वाटे.

काम करणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, कारण पुरुष लढाईवर गेले होते. थोड्या आठवड्यांत त्यांचे हात पिवळे व्हायचे आणि कपाळावरचे केस नारिंगी.

"काय गं व्हायोला, नवरा ओळखेल का तुला?" फर्न नावाची एक बाई पाण्याची नळी हातात धरून विचारायची.

"कशाला ओळखेल? म्हणेल, घरी बायको ठेवून गेलो होतो, हे भोपळ्याचं फूल कुणी आणून ठेवलं!"

"मग तू काय म्हणशील?"

"म्हणेन, फूल आहे तोवर बघून घे. बघत बसलास तर भोपळा होईल."

सगळ्या खदाखदा हसायच्या. वरचे साहेब सांगायचे, दूध प्या, म्हणजे सगळे पोटातून धुऊन निघते. त्या बिचाऱ्या पेलेच्या पेले दूध प्यायच्या. तिथे भीती होती ती एकाच गोष्टीची, ठिणगीची. केसांत पिन चालत नसे, बुटाला खिळा चालत नसे, खिशात काडेपेटी सापडली तर त्याच दिवशी घरी. त्या भुकटीचे ठिणगीशिवाय आणखी काही भय असेल, असे कुणाच्या स्वप्नातही आले नाही. भरपूर बॉम्ब भरले म्हणून लष्कराकडून कौतुकाचा झेंडा आला. तो दारावर फडकला तेव्हा मलाही मान ताठ झाल्यासारखे वाटले. आपल्यातून जाते ते कुठेतरी फार लांब, समुद्रापार फुटते, एवढेच मला ठाऊक होते.

मित्रांनो, लाकूड पाणी पिते, तसे पाण्यातलेही पिते. मी वर्षानुवर्षे ते पीत राहिले. एक युद्ध संपले, दुसरी आली, तीही संपली. मग कारखान्याला कुलूप लागले आणि उरलेसुरले सामान लिलावात काढले. कुणीतरी माझ्यावर वाफेचा फवारा मारला आणि खडूने बरोबरची खूण केली. म्हणजे मी स्वच्छ. वाफेने माझे तोंड धुतले गेले. पोटात मुरलेले तसेच राहिले.

लिलावात मला घेतले आर्विदने. तो गाई पाळून दूध विकणारा, नॉर्वेहून आलेल्या घराण्यातला. त्या भागातली माणसे नवी वस्तू घेतली तर लपवून ठेवतात आणि लिलावातली घेतली तर चारचौघांत मिरवतात. आर्विद मला ट्रकवर घालून, मुद्दाम गावातून, चर्चवरून फिरवून घरी घेऊन आला. दारात त्याची बायको थोरा उभी होती.

"तू खिळे आणायला गेला होतास ना?"

"खिळेही आणलेत."

"आणि हे जहाज कुणाचं?"

"रेडवुड आहे थोरा, रेडवुड! असलं लाकूड आता डोळ्यांना दिसत नाही."

"म्हणून अंगणाच्या मधोमध ठेवणार वाटतं. डोळ्यांना दिसावं म्हणून."

आर्विद गालातल्या गालात हसला. कुणी चिडवले की तो वाद घालत नसे, कामाला लागे. त्याने माझ्या फळ्या पुन्हा जुळवल्या, पट्ट्या आवळल्या आणि विहिरीचे पाणी माझ्यात सोडले. विहीर चांगली होती. पाणी थंडगार, नितळ. दोन दिवस उन्हात राहिल्यावर ते फिकट गुलाबी झाले.

कुंपणापलीकडचा शेजारी हर्मन श्लिक बघायला आला. हर्मनला ठाऊक नाही अशी गोष्ट जगात नव्हती, निदान हर्मनच्या मते.

"रंग सोडतंय लाकूड," तो म्हणाला. "रेडवुड म्हटल्यावर सोडणारच. माझ्या मामाच्या टाकीचंही असंच होतं. दोनदा उपसून टाक."

आर्विदने दोनदा उपसले, तिसऱ्यांदाही उपसले. रंग फिका झाला, गेला मात्र नाही. मित्रांनो, हर्मन खोटे बोलत नव्हता. रेडवुड रंग सोडते हे खरेच आहे. फक्त तो रंग चहासारखा असतो, आणि ऊन असो वा सावली, सारखाच उतरतो. पण अर्धे खरे हाती लागले की माणूस पुढे चौकशी करत नाही. त्या दिवशी कुणी चौकशी केली असती तर, हे माझ्या मनात आजही घोळत राहते.

मला आणले होते गाईंसाठी. गाई आल्या, वास घेतला आणि जुन्या पत्र्याच्या टाकीकडे वळल्या. आर्विदने त्यांना ढकलून पाहिले, मीठ ठेवून पाहिले. एकीनेही तोंड लावले नाही.

"फुकट लाडावून ठेवल्यात," आर्विद म्हणाला.

"त्यांना लिलावातलं चालत नाही," थोरा म्हणाली. "चांगल्या घरच्या आहेत."

अशी मी बिनकामाची झाले. आणि त्यामुळेच माझ्या वाट्याला ब्रिटा आली.

ब्रिटा ही त्यांची नात. मुलगी मारित मिल्वॉकी शहरात नोकरी करायची आणि उन्हाळ्याच्या सुटीत ब्रिटाला शेतावर पाठवायची. त्या पोरीला पाण्याचे वेड. आर्विदने तिच्यासाठी मला बाहेरून एक शिडी केली, आतून एक बाक केला, माझ्या कडा तासून गुळगुळीत केल्या, तिला कुसळ लागू नये म्हणून. गाई पिळून झाल्या की दुपारभर तो माझ्या सावलीत बसायचा, आणि ही आत डुंबायची.

"आजोबा, मी गुलाबी सरबतात पोहतेय!"

"पोह, पण पिऊ नकोस. पोट भरलं तर तुझी आजी रडेल. तिने बटाट्याच्या लाटलेल्या पोळ्यांचा ढीग करून ठेवलाय."

"थोडंसंच प्यायले. कडू आहे!"

"मग थुंक! बदकाची जात आहेस की काय?"

मित्रांनो, त्या तीन-चार उन्हाळ्यांइतके सुख मला कधी मिळाले नाही. माझ्यात कुणी खेळेल, असे मला कधी वाटलेच नव्हते. तिचे पाय माझ्या फळ्यांवर आपटले की मला माझे झाडपण आठवायचे. आणि त्याच वेळी माझ्यातले ते जुने विष थेंबाथेंबाने त्या पाण्यात उतरत होते, तिच्या कातडीला लागत होते, तिच्या ओठांत जात होते. मला थांबवता येत नव्हते. लाकडाला कसले आले तोंड!

एका वर्षी काउंटीच्या जत्रेत ब्रिटाने चेंडू मारून सोनेरी मासे जिंकले. जत्रेतले मासे गुरांच्या टाकीत सोडायचे, ही तिथल्या शेतांवरची रीतच आहे. शेवाळ खातात, पोरांना गंमत. ते मासे माझ्यात वाढले. पुढल्या वर्षी त्यांना पिल्ले झाली. थोरा एकदा वाकून बघत राहिली.

"आर्विद, पिल्लं वाकडी आहेत. हे बघ, हे गोल गोल फिरतं. याची पाठ दुमडलीय."

"चेंडू मारून जिंकलेल्या माशांचं कुळ काय विचारतेस!"

थोराने ते पुन्हा काढले नाही. त्या लोकांत एक गोष्ट दोनदा बोलणे म्हणजे भांडण समजतात.

अशातच बंद कारखान्याच्या आसपास विहिरी तपासायला विद्यापीठाची माणसे फिरू लागली. जमिनीत मुरलेले स्फोटक कुणाच्या पिण्याच्या पाण्यात उतरले का, हे त्यांना पाहायचे होते. डॉक्टर लोरेटा पेलके नावाची बाई आर्विदच्या विहिरीचे पाणी घेऊन गेली आणि एका दुपारी स्वतः निकाल सांगायला आली. विहीर स्वच्छ होती. थोराने डोळे पुसले. आर्विदने टोपी काढली आणि परत घातली. त्याच्या मानाने हा मोठाच आनंद होता.

"कॉफी घेऊन जा," थोरा म्हणाली.

"नको, अजून बरीच घरं करायचीत."

"अर्धा कप."

"खरंच नको हो."

तिथे तिसऱ्या नकाराच्या आत कप भरलेला असतो. डॉक्टरीणबाई माझ्याजवळच्या बाकावर बसल्या. बशीत केक आला. ब्रिटा माझ्या पाण्यात पाय आपटत होती.

"छान रंग आहे पाण्याचा," बाई म्हणाल्या.

"रेडवुड!" आर्विदची छाती फुगली. "अस्सल! इतकी वर्षं झाली तरी रंग सोडतंय."

"बारा महिने असंच?"

"छे! हिवाळ्यात मी पाणी बदलून वरून फळ्या टाकतो, पेंढा टाकतो. तेव्हा काचेसारखं असतं. मासे मोजून घ्या. लाकूड थंडीत झोपतं, दुसरं काय. जूनचं ऊन लागलं की पुन्हा जागं होतं."

बाईंनी कप खाली ठेवला.

"ही टाकी आली कुठून, लोकनदादा?"

आर्विदने तोंड भरून सांगितले. लिलाव, ट्रक, चर्चवरून काढलेली वरात, सगळे. सांगता सांगता त्याचा आवाज हळू होत गेला, कारण बाई त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या ब्रिटाकडे बघत होत्या.

"बाळ," त्या अगदी हळू म्हणाल्या, "बाहेर येतेस का? आणि आजीकडून साबण लावून आंघोळ करून घे. आत्ताच."

त्या माझे पाणी घेऊन गेल्या, माझ्या फळीचा तुकडा घेऊन गेल्या, मासेही घेऊन गेल्या. काही दिवसांनी परत आल्या तेव्हा सगळे पुन्हा माझ्यापाशीच उभे राहिले. ती गोष्ट घरात न्यावी, असे कुणाला वाटले नसावे. मिल्वॉकीहून मारित आली होती. ब्रिटालाही हटवता आले नाही. "मासे माझे आहेत," ती म्हणाली.

बाईंनी जे सांगितले ते तुम्हालाही सांगते. प्रत्येक जीवाच्या पेशीत डीएनए नावाचा एक लांब, बारीक धागा असतो. शरीर कसे विणायचे, याची सगळी वीण त्यात असते. टीएनटी पोटात गेले की शरीर ते बाहेर टाकायच्या खटपटीला लागते. त्या खटपटीतच त्याचे आणखी खोडसाळ रूप तयार होते आणि ते जाऊन त्या धाग्याला चिकटते. धागा तुटतो, नाहीतर त्याची नक्कल करताना चूक होते. माशाच्या रक्ताच्या पेशी बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. धड पेशीचा धागा गोल गोळ्यासारखा दिसतो. या पेशींतले तुटलेले तुकडे मागे ओघळले होते, धूमकेतूच्या शेपटासारखे.

"पाठी त्यामुळेच वाकल्या, असं मी शपथेवर नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "पण तुटलेले धागे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत."

थोरा स्वेटर विणणारी. ती म्हणाली, "म्हणजे एक टाका चुकला की वरच्या प्रत्येक ओळीत तो चुकतच जातो, तसं?"

"तसंच. पण पेशी स्वतः उसवून दुरुस्तही करतात, आजी. बहुतेक टाके त्या दुरुस्त करतात."

"बहुतेक," मारित म्हणाली.

मग ब्रिटाने विचारले, "माझ्यातही तुटलंय का?"

बाई गुडघे टेकून तिच्यासमोर बसल्या.

"मला माहीत नाही, बाळ. कदाचित काहीच नाही. कदाचित तुटलं आणि तुझ्या शरीराने शिवूनही टाकलं. आपण तपासत राहू."

"आणि मासे बरे होतील?"

"नाही."

तेव्हा ती रडली. माशांसाठी रडली. मोठी माणसे कशासाठी रडत होती ते तिला कळले नाही, आणि ते बरेच झाले.

आर्विद इतका वेळ माझ्या शिडीला धरून उभा होता. त्याने एकच प्रश्न विचारला. "कुठल्या दिवशी झालं असेल हे?"

"म्हणजे?"

"दिवस असेल ना काही? मी तिला नको म्हणायला हवं होतं, तो दिवस. तेवढा सांगा."

"असा दिवस नसतो, लोकनदादा," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, कारखान्यात स्फोट झाला असता तर साऱ्या गावाला आवाज ऐकू आला असता. लोक धावले असते, तारीख दगडावर कोरली गेली असती. हा स्फोट तसा नाही. तो पेशीच्या आत होतो, आणि तेव्हा पोर हसत असते, आजोबा सावलीत बसून असतात. आर्विदला पश्चात्ताप करायला एक दिवससुद्धा मिळाला नाही. म्हणून त्याने सगळेच दिवस घेतले. ज्या उन्हाळ्यांचा मला इतका अभिमान होता, त्यातला एकही त्याने चांगला म्हणून ठेवला नाही.

माझ्या फळ्या त्याने स्वतः सोडवल्या. हातमोजे घालायला सांगितले होते, तरी शिडी त्याने उघड्या हातांनी काढली. ती त्याने केली होती ना. अंगणात मी होते तिथे अजून गवत नीट येत नाही.

ब्रिटा वाढली. तिची तपासणी दरवर्षी होत गेली आणि दरवर्षी ठीक निघत गेली. व्हायोलाचे, फर्नचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. त्यांना कुणी तपासले की नाही, तेही माहीत नाही. विचारावे तरी कुणाला?

मित्रांनो, मला विनवायचे आहे ते एवढेच. जुनी वस्तू घरात आणा, जरूर आणा. जुने ते टाकून द्यावे, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण तिचे लाकूड कोणते, हे विचारता तसे तिच्या पोटात पूर्वी काय होते, हेही विचारा. गाय तोंड लावत नसेल तर गाईला नावे ठेवू नका. घरातले कुणी 'पिल्ले वाकडी आहेत' म्हणाले तर दोनदा ऐका. आणि ज्यांच्या हाती कारखाने आहेत त्यांना सांगा, की काम संपले म्हणजे कुलूप लावून भागत नाही. आम्हाला असे विकू नका. आम्ही बोलू शकत नाही, आणि आमच्यावरची खडूची खूण आमच्यापेक्षा मोठ्याने बोलते.

गेल्या उन्हाळ्यात ब्रिटा आली होती. तिला मुलगा झाला आहे. आर्विद आता काठी टेकत चालतो. फिरत फिरत दोघे या कोपऱ्यापर्यंत आले आणि पाटीपासून लांबच थांबले. बाळ तिच्या खांद्यावर झोपले होते.

"डॉक्टर काय म्हणाले?" आर्विदने विचारले.

"ठणठणीत आहे, आजोबा."

"सगळं तपासलं?"

"सगळं."

बाळाने झोपेत उसासा टाकला. आर्विदने हात पुढे केला आणि शिवण्याआधीच मागे घेतला.

"पण डॉक्टर काय म्हणाले?" त्याने पुन्हा विचारले.

ब्रिटा चिडली नाही. तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि पुन्हा पहिल्यासारखेच सांगितले.